पाणी उभं राहीपर्यंत

पानमळ्यात पायताण घालून जायचं नाही, हे मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगण्यात आलं. कुडाच्या दाराशी वहाणा काढायच्या, पदर खोचायचा आणि वाकून आत शिरायचं. आत गेलं की बाहेरचं जग संपलं. शेवरी आणि पांगऱ्यांच्या अंगावर चढलेल्या वेली, डोक्यावर पानांचं छत, पायाखाली गार ओली माती, आणि सगळीकडं हिरवा, झाकोळलेला उजेड. माणसाचं तोंडसुद्धा तिथं हिरवट दिसायचं. माझे यजमान पलीकडच्या ओळीत पानं खुडत असायचे. ते दिसायचे नाहीत, नुसता देठ तुटल्याचा बारीक आवाज यायचा. त्या आवाजावर मला गुंगी यायची. खोटं कशाला सांगू, नवी नवरी मी, मदतीला म्हणून गेलेली, आणि करंडी मांडीवर घेऊन चक्क पेंगायची. हे बघायचे आणि हसायचे. "झोप की. मळा काय तुला वरडाय बसलाय व्हय?" म्हणायचे. असला नवरा मिळाल्यावर बाईचा स्वभाव बिघडणार नाही तर काय! माझा तर मुळातच बिघडलेला होता.

आता बेळगावात, खासबागेत राहते. दारात नळ आहे, तो येतो तेव्हा येतो. दुपारी जरा कलंडलं की डोळे मिटायच्या आधी मला त्या मळ्यातला वास येतो. ओल्या मातीचा, तिखटसर पानाचा. सून म्हणते, आत्या, झोपेत हसता तुम्ही. हसत असेन. झोपेत माणूस कुठं जातो ते त्याच्या हातात थोडंच असतं!

हे सगळं इंग्रज होते तेव्हाचं. आमचं गाव निपाणीपासून बैलगाडीनं सकाळी निघालं तर बाजाराच्या वेळेला पोचावं एवढ्या अंतरावर. गावाच्या कडेनं ओढा वाहायचा, मोठा, बारमाही नव्हे पण पाडव्यानंतरही बरेच दिवस दम धरणारा. ओढ्याच्या अलीकडं आमचं गाव, इंग्रजी मुलखातलं. ओढ्याच्या पलीकडं माझं माहेर, ते संस्थानात. म्हणजे मी नांदायला आले ती ओढा ओलांडून, आणि राजा बदलून. माझी नणंद माझ्याच माहेरच्या गावात दिलेली. तिला मी आक्का म्हणायची. तिच्या सासरच्या पोरी आमच्याकडं, आमच्या पोरी तिकडं, अशी दोन्ही गावं एकमेकांत पार गुंतलेली. दोन्हीकडं आम्ही जैन शेतकरी आणि मराठ्यांची घरं, मधे थोडे इतर. कानडी सगळ्यांना यायचं, भांडण मात्र मराठीत व्हायचं.

सरकारं दोन असली तरी पाणी एक होतं. दरसाल पाऊस संपला की दोन्ही गावं मिळून ओढ्यावर मातीचा बांध घालायची. घरटी एक माणूस. मेढी, फांद्या, उसाचं पाचट, काळी माती. पाणी तुंबलं की दोन्ही काठांच्या पाटांतून दोन्ही शिवारांत जायचं. पहिल्या वळवाला बांध वाहून जायचा, पुन्हा पुढच्या वर्षी तेच. कुणाला त्याचं दुःख नसायचं. बांध पुरा झाला की पंगत असायची, आणि ती पंगत आम्हा लेकींची. ओढा ओलांडून दिलेल्या जेवढ्या लेकी, इकडच्या तिकडं आणि तिकडच्या इकडं, त्यांनी ओढ्याच्या वाळूत चुली मांडायच्या आणि खपली गव्हाची खीर करून दोन्ही गावांना वाढायची. लेकीचं बोलावणं म्हणून त्या पंगतीला कुणी नाही म्हणत नसे, भांडलेले भाऊसुद्धा शेजारी बसायचे. एकच नेम होता. बांधाआड पाणी उभं राहायला पाहिजे. उभ्या पाण्याकाठी पहिली पळी ठेवायची आणि मगच पानात वाढायचं. वाहत्या पाण्यावर पंगत बसत नाही, असं आमच्या आज्या-पणज्यांपासून चालत आलेलं.

वाटणीत आम्हाला तो पानमळा तेवढा आला होता. जमीन चांगली, पण पाटाच्या शेपटाला. पाट भरून वाहिला तरच पाणी आमच्यापर्यंत यायचं. पानवेल लाडावलेली असते. ज्वारी चार दिवस तहान सोसते, वेल सोसत नाही. देठ सुकला की पान पिवळं, पान पिवळं पडलं की सांध्यातून वेल वाळायला लागते, आणि एकदा मळा बसला की नवा उभा करायला वर्षं जातात. आमच्या करंड्या निपाणीच्या बाजारात जायच्या, सणासुदीला थेट बेळगावच्या खडेबाजारात. त्या मळ्यावर आमची चूल होती. दुसरं काही नव्हतं.

लढाईच्या दिवसांत कधीतरी दोन्ही बाजूंच्या साहेबलोकांच्या मनात आलं की मातीचा बांध नको, आता पक्का दगडी बांध घालू. आमच्या बाजूनं जिल्ह्याचं लोकल बोर्ड घालणार, पलीकडून संस्थान. ओढ्याच्या मधोमध हद्द, म्हणून अर्धा बांध यांचा आणि अर्धा त्यांचा. ऐकून आम्ही किती खूश झालो! गावात साखर वाटली. आता दरसाल माती वाहायला नको, पाणी उन्हाळाभर पुरेल, मळ्यात अजून दोन ओळी वाढवू, असं हे मला सांगत बसायचे. बोलताना त्यांचे डोळे लहान पोरासारखे व्हायचे.

आमच्या बाजूला बोर्डाचे ओव्हरसियर आले. तरुण, चष्मेवाले, बूट काढायला भिणारे. पलीकडं संस्थानचे बांधकामाचे अधिकारी आले, फेटा, मिशा, थाटाचे. त्यांना सगळे रावसाहेब म्हणायचे. दोघं माणसं वाईट नव्हती बरं का. ओव्हरसियरसाहेबांनी आमच्या पानांचं तोंड भरून कौतुक केलं होतं, आणि रावसाहेब माझ्या माहेरी थोरल्या चुलत्यांच्या ओसरीवर बसून ताक पिऊन जायचे. पण एक गोष्ट दोघांनी केली नाही. एकानंही पलीकडच्या काठावर पाय ठेवला नाही. ठेवायचा तर परवानगी लागणार, परवानगी मागायची तर कागद बेळगावला जाणार, तिथून आणखी वर, मग वळसा घालून संस्थानच्या राजधानीला. आणि परवानगी मागितली म्हणजे ओढ्याचा तो भाग त्यांचा हे लिहून दिल्यासारखंच. मग काय, ओव्हरसियरसाहेबांनी आपल्या काठावरच्या हद्दीच्या दगडापासून दोरी धरली, रावसाहेबांनी आपल्या काठावरच्या वडापासून. दोऱ्यांची दुसरी टोकं ओढ्यात मध्येच, अंदाजानं खुंटी मारून बांधली.

दोन्हीकडून भिंती निघाल्या. देखणं काम, घडीव दगड, सांध्यांत भरलेल्या चुन्याच्या दर्जा. मी धुणं घेऊन जायची तेव्हा बघत उभी राहायची. भिंती पाण्यात पुढं पुढं सरकत होत्या आणि हळूहळू कळायला लागलं की त्या एकमेकींच्या समोर येत नाहीयेत. आमची जरा खालच्या अंगाला, त्यांची जरा वरच्या अंगाला. लहान पोराला दिसेल असं. मी आमच्या गवंड्याला विचारलं, "अण्णा, ही गाठ पडायची कशी?" तो म्हणाला, "ते वळतील की आपल्याकडं." आक्का पलीकडच्या गवंड्याला विचारून आली. तो म्हणाला होता, हे वळतील आमच्याकडं. कुणीच वळलं नाही. हद्द जिथं संपली तिथं दोघांनी शेवटचा दगड बसवला, वर आपापल्या सरकारची खूण कोरली, काम पुरं झाल्याचं वरती कळवलं आणि हत्यारं उचलली. मधे एवढी फट राहिली की चुलत्यांचा बैल त्यातून आरामात पलीकडं गेला आणि शेपूट हलवत परत आला. माणसं हसून हसून लोळली. मीही हसले. नंतर पाटात पाणी येईना तेव्हा हसू जिथल्या तिथं जिरलं.

तुम्ही म्हणाल, मग गावानंच फट बुजवायची होती. बुजवली असती हो एका सकाळीत! पण दोन्ही काठांना ताकीद पोचली होती. सरकारी कामाला हात लावायचा नाही, ओढ्यावर दुसरा बांध घालायचा नाही, घातला तर खटला. मातीचा बांध आमचा होता, हा पक्का बांध दोन सरकारांचा होता, आणि ती फट? ती कुणाचीच नव्हती. आमच्या साहेबांना विचारावं तर ते म्हणत, आमचं टोक हद्दीपाशी पोचलंय. पलीकडं विचारावं तर तेच उत्तर, फक्त फेट्यातून. पंच हात जोडून इकडं गेले, तिकडं गेले आणि शेवटी कपाळाला हात लावून बसले. ओढा त्या फटीतून दिवसरात्र खळाळत खाली पळत राहिला. आवाज इतका गोड होता की ऐकत बसावं, आणि इतका राग यायचा की कानात बोळे घालावेत.

मळा हळूहळू बसायला लागला. आधी वरची पानं मलूल झाली, मग कडेच्या वेली पिवळ्या पडल्या. मी आणि हे घागरींनी पाणी आणून घालायचो, पण घागरीनं मळा भिजतो थोडाच! आत गेलं की पूर्वीसारखा गारवा नव्हता, नुसता पाचोळ्याचा कुरकुर आवाज. हे बोलायचे कमी झाले. जेवताना घास हातात धरून बसायचे. एक दिवस हे निपाणीला जाऊन आले आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "वखारीत बोलून आलोय. पाडव्यापासनं या म्हणालेत."

"वखारीत? तंबाखूच्या?"

"दुसरी कसली हाय तिथं? पाडव्याला मळा मोडू. तू बी येशील. बायकांना पाला निवडायचं काम असतंय."

मी ती वखार पाहिली होती. दारं लावलेली, आत धूळ, बायका तोंडाला पदर बांधून बसलेल्या, डोळे लाल, आणि नुसत्या शिंका. मला माझं काही नाही. पण हा माणूस, जो वाफ्यातल्या गांडुळाला धक्का लागू नये म्हणून हातानं माती बाजूला सारायचा, पाणी गाळल्यावर फडक्यातले जीव पुन्हा ओढ्यात सोडायला स्वतः चालत जायचा, तो त्या धुळीत बसणार? पानवेलींशी बोलणारा माणूस तंबाखूची पोती वाहणार? मी म्हटलं, "मेले तरी जायची न्हाय आणि तुमास्नी जाऊ द्यायची न्हाय." हे नुसतं हसले. त्या हसण्यात काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी धुणं घेऊन फटीपाशी गेले. पलीकडून आक्का आली होती. पाणी दोघींच्या मधून पळत होतं, त्यामुळं ओरडून बोलावं लागायचं. मी सगळं सांगितलं. तिचं तोंड उतरलं. भाऊ तिचा, आणि मळा तिच्या बापानं लावलेला. मग ती म्हणाली, "का गं, औंदा पंगत न्हाय झाली?"

"बांध पुरा कुठं झालाय?"

"झालाय की! दोन्ही सायबांनी तसं कळवलंय न्हवं?"

मी हातातला पिळा तसाच धरून तिच्याकडं बघत राहिले. मग दोघी अशा हसत सुटलो की धुणं वाहून जाता जाता राहिलं.

ओढ्यापलीकडं दिलेल्या सगळ्या लेकी आम्ही गोळा केल्या. दोन्ही गावांत बोलावणी गेली. ओव्हरसियरसाहेबांकडं मी स्वतः कुंकवाची वाटी घेऊन गेले. म्हटलं, "साहेब, बांध पुरा झाल्यावर लेकींची पंगत असते. काम पुरं झालं असं तुम्हीच कळवलंय. तुम्ही न्हाय आला तर लोक म्हणतील, साहेबांनाच भरवसा न्हाय." ते चष्मा पुसत राहिले आणि येतो म्हणाले. आक्कानं रावसाहेबांना तसंच गाठलं. फक्त दोघांनी एकच गोष्ट विचारली, जागा कुणाच्या हद्दीत? आम्ही सांगितलं, तुमचं पान तुमच्या हद्दीत, त्यांचं त्यांच्या.

त्या दिवशी सकाळी मी यांना म्हटलं, "चला की." हे मळ्याच्या दाराशी बसले होते. म्हणाले, "तू हो पुढं. मी येतो पाठीमागनं."

ती दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. दिसते म्हणजे कशी, पाण्याच्या तळाशी पडलेली वस्तू दिसते तशी, जरा हलती. वाळूत चुलींच्या रांगा, धूर सरळ वर जाणारा, गुळाचा आणि वेलदोड्याचा वास. कांदालसूण नाही, पण घेवड्याची भाजी आणि आमटी अशी झाली होती की मराठ्यांची पोरं चुलीभोवतीच घोटाळत होती. बांधाच्या खालच्या अंगाला पत्रावळींच्या दोन लांब ओळी मांडल्या, हद्दीच्या दोन बाजूंना, समोरासमोर. माणसं येऊन बसली. ओव्हरसियरसाहेब बूट काढून बसले. रावसाहेब समोर, फेटा सावरत. माझी नजर सारखी आमच्या काठाच्या वाटेकडं जात होती. हे काही आले नाहीत.

ऊन उतरायला लागलं. पानं मांडलेली, पाणी शिंपडलेलं, खिरीची पातेली झाकलेली, आणि आम्ही बायका पदर खोचून नुसत्या उभ्या. लोक एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी ओव्हरसियरसाहेब म्हणाले, "बाई, वाढा की आता."

"वाढायचंच हाय की साहेब. पाणी उभं राहू दे."

"म्हणजे?"

"आमच्यात वाहत्या पाण्यावर पंगत बसत न्हाय," पलीकडून आक्का म्हणाली. "आणि दिवस बुडला की आम्ही वाढत न्हाय, जेवत न्हाय. जैनाच्या लेकी आम्ही."

मागच्या ओळीतून कुणीतरी फिस्सकन हसलं. दोन्ही गावांना नेम ठाऊक होता, साहेबांना तेवढा नव्हता. रावसाहेबांच्या मिशा थरथरल्या. "आम्हाला पानावर बसवून अडवता काय?"

जीभ माझी कधीच लटपटली नाही. मी म्हटलं, "अडवायचं काय त्यात, रावसाहेब? काम पुरं झालंय असं तुम्ही म्हणता, ते पण म्हणतात. मग पाणी का उभं ऱ्हात न्हाय? समोरासमोर बसलाय. एवढं एकमेकांस्नीच विचारा की."

फटीतलं पाणी तेवढं खळाळत होतं. दोन्ही साहेब इतके महिने एकाच ओढ्यावर राबले होते आणि एकमेकांशी शब्द बोलले नव्हते. सूर्य टेकडीकडं सरकत होता. खिरीचा वास सगळ्यांच्या नाकात. लहान पोरं रडायला लागली. शेवटी रावसाहेब खाकरले आणि ओव्हरसियरसाहेबांना म्हणाले, "आपण मूळचे कुठले?" त्यांनी गाव सांगितलं. रावसाहेबांची सासुरवाडी त्याच्या शेजारची निघाली. मग पावसाची गोष्ट झाली, चुन्याची झाली. मग रावसाहेब म्हणाले, "माझी मान अवघडलीय. बांधाकडं मान वळवून किती वेळ बसायचं? मी जरा फिरून बसतो." आणि पत्रावळ उचलून त्यांनी चक्क बांधाकडं पाठ केली. ओव्हरसियरसाहेबांनी चष्मा काढला, फटीकडं एकदा बघितलं, आणि म्हणाले, "मलाही ऊन लागतंय डोळ्यांवर." तेही फिरले. दोन सरकारं एकाच दिशेला तोंड करून बसली.

थोरले चुलते, माझे आप्पा, गुडघ्यावर हात टेकून उठले. धोतर खोचलं आणि पाण्यात उतरले. मग काय हो! दोन्ही ओळी उठल्या. मेढी आल्या, शेवरीच्या फांद्या आल्या, कुणी बैलगाडी सोडून पाचट ओढून आणलं. बायकांनी पाट्यांतून माती दिली, हातोहात, इकडची तिकडं. कुणाची माती कुठल्या सरकारची हे कोण बघतंय! पाणी आधी चिडलं, मेढी उखडून टाकायला बघायला लागलं, दोघं-चौघं त्यात पडले. मग ते घुटमळलं. मग दोन भिंतींच्या मधे काळ्या मातीचा ढीग वर आला, आणि आवाज थांबला.

इतके दिवस कानात बसलेला तो आवाज थांबला तेव्हा मला बहिरं झाल्यासारखं वाटलं. पाणी उभं राहिलं होतं. हळूहळू फुगत होतं, काठावरचं गवत बुडवत होतं, आणि त्यात सगळं आभाळ उतरलं होतं. मी रडले. कुणाला कळू नये म्हणून चुलीच्या धुराला शिव्या घातल्या. आक्कानं पहिली पळी पाण्याकाठी ठेवली आणि आम्ही धावत सुटलो वाढायला. दिवस अजून टेकडीच्या वर होता. साहेबांनी खीर दोनदा मागून घेतली. बांधाकडं मात्र शेवटपर्यंत पाहिलं नाही.

मी जेवले नाही. पाटाच्या तोंडात पाणी शिरताना पाहिलं आणि मला राहवेना. आक्का म्हणाली, "जा, दादाला सांग जा." मी पाटातून चालायला लागले, पाण्याच्या पुढं पुढं. पाण्याचं तोंड माझ्या टाचांमागं होतं, पाचोळा आणि फेस पुढं ढकलत, भेगांत मुरत. एखाद्या भेगेपाशी ते थांबायचं, मग मीही थांबायची. भेग भरली की पुन्हा निघायचं. दोन्ही बाजूंना शेतं सोनेरी झालेली, मुंग्या अंडी घेऊन काठावर पळत होत्या, कुठल्या तरी शेतात गाय हंबरत होती. मला पळावंसं वाटत होतं, पण पाण्याला सोडून कसं पळू? मला वाटत होतं, पाणी आणि मी मिळूनच दारातून आत जाऊ. ह्यांना दाखवू. वखार गेली खड्ड्यात. मनातल्या मनात मी किती बोलले ह्यांच्याशी त्या वाटेवर!

मळा दिसायला लागला तेव्हा संध्याकाळ झाली होती. आणि मळ्यात उजेड होता. मला आधी कळेना की काय चुकतंय. कुडाच्या आत आभाळ दिसत होतं. पानमळ्यातून आभाळ दिसत नाही.

हे कोपऱ्यात उभे होते. हातात विळा. पायाशी वेलींचा ढीग, आणि मागच्या ओळींतल्या शेवऱ्या उघड्या, नागड्या. हे माझ्याकडं बघत म्हणाले, "पाडव्यापर्यंत कशाला थांबायचं म्हटलं. तू घरात असताना हात धजला नसता गं."

मी काय बोलले ते सांगत नाही. तोंडाला येईल ते बोलले. एवढं ओरडले की शेजारच्या मळ्यातली माणसं कुडाशी आली. ह्यांना मारावं असं वाटत होतं आणि पोटाशी धरावं असंही. मग माझ्या मागून पाणी आत आलं. पाचोळा ढकलत, वाफ्यात पसरत, ह्यांच्या पावलांपाशी गेलं. ह्यांनी खाली बघितलं. मग माझ्याकडं. विळा हातातून गळून पडला आणि हे ढिगावर गुडघ्यांवर बसले.

"हिरवा सांधा बघ," एवढंच म्हणाले. "हिरवा सांधा असंल ते बाजूला काढ."

पानवेल बीनं लागत नाही, कांडीनं लागते. सांध्यात ओल असेल तर कांडी मातीत खोचली की मूळ धरते. आम्ही दोघं त्या ढिगात हात घालून बसलो, वाळलेलं टाकत, ओलं निवडत, आणि चिखल झालेल्या वाफ्यात कांड्या खोचत गेलो. अंधारून आलं, मग बोटांनीच सांधे चाचपले. जेवढं हाताला लागलं तेवढं लावलं.

पुढच्या ओळी जगल्या. पाडवा आला, हे वखारीत गेले नाहीत. फटीतल्या मातीवर पुढं दोन्ही सरकारांनी एकमेकांना विचारून दगड बसवला, त्याला फार दिवस लागले, पण बसला. आणि एके सकाळी मागच्या कोपऱ्यातल्या कांडीला इवलासा कोंब आला. तांबूस, नखाएवढा. मी ओरडत घरी पळाले, ह्यांना हाताला धरून ओढत आणलं. "बघा! बघा, फुटली!"

हे वाकले. बघत राहिले. मला वाटलं हसतील. ह्यांचा चेहरा मात्र असा झाला की मी हात सोडून दिला.

"जित्ती होती गं," हे म्हणाले. "मी तोडली तवा जित्ती होती."

मी तसा विचारच केला नव्हता. मेलेल्या कांडीला कोंब येत नाही. त्या दिवसापासून रोज नवे कोंब यायचे. मला आनंद आवरायचा नाही, आणि प्रत्येक कोंब ह्यांना तेच पुन्हा सांगायचा. मी म्हणायची, "जगली न्हवं? मग झालं तर." हे मान हलवायचे. कोपरा पुन्हा भरला, शेवऱ्या झाकल्या, पूर्वीसारखा अंधार झाला. त्या ओळींतली पानं मळ्यातली सगळ्यात चांगली पानं होती, बाजारात लोक नाव घेऊन मागायचे. पण ह्यांनी त्या कोपऱ्यातलं एकही पान शेवटपर्यंत खुडलं नाही. तिथला खुडा कायमचा माझ्याकडं आला.